काकीचा ओरडा

माझा बाप मिठागरावर कामाला. पेणच्या खाली, खाडीकडं आमचं गाव, तिथं मिठाच्या राशीवर नाचून मी वाढलो आणि तेच माझ्या अंगाशी आलं बघा. लोकांना वाटतं मला गोळी लागली. नाय हो. काय सांगू तुम्हाला, डोंगरावरच्या चौकीत बराकीच्या छपरावरचा बर्फ उतरवायचा होता, सुभेदार म्हणाले दोर बांधून चढ, मी म्हटलं साहेब, आमचं बालपण असल्याच पांढऱ्या राशीवर गेलंय, पाय कुठं ठेवायचा ते मला कळतं. बर्फ खाली आला, त्याच्याबरोबर मीपण आलो. मणका गेला. कमरेखाली तेव्हापासून सामसूम.

घरी आलो तर सत्कार. चाकाच्या खुर्चीवर हार, शाल, नारळ, परत शाल. आमच्या बायकोनं, सुगंधानं, त्या शालींच्या उशा शिवल्या. मग एका कंपनीनं मला गेटवर बसवलं. छातीवर पदकं लावायची, पाहुणे आले की सलाम ठोकायचा, बाकी काम काय नाय. नुसतं रजिस्टर मागितलं तरी म्हणायचे, तुम्ही कशाला त्रास घेता साहेब. एकदा भर दुपारी डुलकी लागली, चांगला घोरत होतो, मॅनेजर आला, म्हटलं आता बसतात शिव्या, तर तो माझ्या पायांवर चादर टाकून गेला. त्या दिवशी घरी सांगितलं, मी मेलोय गो, नुसता हार घालायचा राहिलाय. सुगंधा म्हणाली, हार तर घातलाय त्यांनी, तीन वेळा.

तिनंच मला पेणला काकीच्या गणपतीच्या कारखान्यात नेलं. काकी म्हणजे मालकीण, सत्तरीची, हळू बोलणं तिला कधी जमलंच नाय. बुटकं टेबल दिलं, म्हणाली दामू, ह्या चाळीस गणपतींना हिरवी धोतरं दे. रंग मीच कालवला. आता पंधरा वर्षं जो हिरवा अंगावर घातला तोच डोळ्यात बसलेला, दुसरा हिरवा असतो हेच मी विसरलो. संध्याकाळी काकी आली. चष्मा वर केला, खाली केला. अरे मेल्या दामू, गणपती घरात बसवायचेत का बॉर्डरवर धाडायचेत? डोळे घरी ठेवून आलास काय? सगळी धोतरं परत कर, तवर हलायचं नाय इथून. म्हटलं काकी, हलतोय कुठं. सगळा कारखाना हसला आणि मला रडूच फुटलं. रडून रंग पातळ करू नको, म्हणाली. अहो, सहा वर्षांत मला कोण ओरडलंच नव्हतं.

तर तेव्हापासून मी हुशार झालो, म्हणजे मला तसं वाटलं. खांब गावच्या विजयची आई कारखान्यात आली. विजय फौजेत गाड्यांची वायरिंग करायचा, गाडी उलटली, माझ्यासारखाच मणका. भिंतीकडं तोंड करून पडून असतो, म्हणाली, भाऊ, त्याला कुठं लावा. मी रोह्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळवलं, रॅम्प बांधून घेतला, त्यावर तीनदा वर-खाली करून फोटोपण काढला. चौथ्या दिवशी विजय कामावर जाईना. आई म्हणाली, भाऊ, कामावर जायचं म्हणून तो सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायचा नाय. कंपनीतल्या संडासाला दोन पायऱ्या, आणि दरवाजा असा की खुर्ची आत जायची नाय! मी स्वतः खुर्चीवरचा माणूस, रॅम्पवर मिरवलो आणि संडास बघायला विसरलो. कंपनीवाले बिचारे म्हणाले, घरी बसू दे त्याला, पगार पोचवतो. ते ऐकलं आणि विजयनं जेवण सोडलं. मी गेलो की डोळे मिटायचा.

मग सुगंधाची शिवणाची टेप गळ्यात घालून मी मेव्हण्याच्या टेम्पोतून रोहा पालथा घातला. जाईन तिथं आधी संडासाचा दरवाजा मोजायचो. लोक म्हणायचे, फौजी डोक्यावर पण पडलाय वाटतं. शेवटी एका मोटर वायंडिंगच्या दुकानातून शिव्या ऐकू आल्या, शेठ कारागिराला सोलत होता. टेम्पो थांबवला. दरवाजा मोजला, खुर्ची जाते. शेठला म्हटलं, पोराचा हात चांगला हाय, फक्त चुकला तर ओरडायचं. शेठ म्हणाला, ते मला शिकवायला लागतंय व्हय?

आता विजयला कसं उठवलं ते नका विचारू, मी पण त्याला काकीच्या भाषेत बोललो. सहा दिवस फोनकडं बघत होतो. सातव्या दिवशी त्याचा फोन, दादा, पंपाची वायंडिंग उलटी भरली, शेठ असा बोंबलला की रस्त्यावरची माणसं थांबली. म्हटलं, मग रे? म्हणाला, मग काय, उद्या लवकर जायचंय, सगळी परत भरायचीय. देव त्याला जन्मभर असाच मालक देवो.

काकी जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा कारखाना चालवतो, गुणी हाय, मला साहेब म्हणतो. यंदा मी मुद्दाम तोच फौजी हिरवा कालवला, एका गणपतीला तसलं धोतर दिलं आणि काकीच्या स्टुलासमोर ठेवला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मुलगा आला, वाकून बघितलं, म्हणाला, छान झालाय साहेब, वेगळाच वाटतो.

तो गेल्यावर मी गणपती परत टेबलावर घेतला. अरे मेल्या दामू, म्हटलं, आणि रंग पुसायला लागलो. पण माझा आवाज तेवढा चढत नाय हो.