दोन कवळ्या, एक पेला

तोंडाचा नमुना द्यायच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. सासऱ्यांच्या तोंडात बुरशी झाली म्हणून त्यांची केमो थांबली होती.

"आई, तुमचा संशय होता त्या नर्सबाईंचे हात तपासले. चोख निघाले."

"चोरालाच चौकशीला बसवलं, की चोखच निघणार!"

"मग बाबांची कवळी तपासली. तिच्यावर बुरशीचं पीक आलंय."

"छे! ती रोज मी स्वतः भिजत घालते."

"कशात?"

"माझ्या पेल्यात, माझ्या कवळीशेजारी."

"दोन्ही एकाच पेल्यात?"

"मग? म्हातारपणी त्यांना वेगळं बिऱ्हाड थाटून देऊ?"

"म्हणूनच डॉक्टरांनी तुम्हाला तोंड उघडायला बोलावलंय. तुम्हाला काय, सवयच आहे."

"म्हणजे, माझ्यामुळे ह्यांचे उपचार अडले?"

"असेलही."

"जा, दुसरा पेला आण. ह्यांना सांग, माझं त्यांच्याशी भांडण झालंय, म्हणून कवळ्या वेगळ्या."

"कशावरून, असं विचारलं तर?"

"आजवर कधी विचारलंय त्यांनी?"