दोन गाण्यांच्या मधात

सत्त्याऐंशी साल. कारंज्याच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको येऊन बसले. त्याच्या पायाशी लग्नात वाजवायचा लाउडस्पीकरचा भोंगा होता.

"आर्वीच्या कॅसेटवाल्याले पोलिसायनं धरून नेलं वं. कंपनीची गाणी कोऱ्या कॅसेटीत भरून विकत होता म्हणून."

"मंग तुमी काऊन घाबरून राह्यले? तुमी तं लग्नात वाजवता."

"वाजवतो त्या साऱ्या मीच भरल्या ना! कोणी मांगितल्या तं त्यायलेबी भरून देल्या."

"पन आपण काल साऱ्या चुलीत टाकल्या."

"घरातल्या टाकल्या. लोकायच्या घरी हायेत त्यायचं काय?"

"त्याच्यावर तुमचं नाव थोडीच लिवलं हाय?"

"तसं लिवलं नाई, पन—"

"पन काय जी?"

"दर दोन गाण्यांच्या मधात म्या बोललो हाय."

"काय बोलले?"

"सारेच बोलतात वं. धंद्याची जाहिरात म्हणून."

"पन बोलले काय?"

तेवढ्यात समोरच्या चहाच्या हॉटेलातलं गाणं संपलं आणि टेपमधून भारदस्त आवाज आला, "रसिकहो, ही गाणी खास आपल्यासाठी भरली आहेत चंद्रभान साउंड सर्विसनं. मुक्काम पोस्ट आष्टी, मारुतीच्या देवळामागं."

हॉटेलात चहा पीत बसलेल्या हवालदारानं मान वर केली.

"भागीरथे, तिकडे पाहू नको."

"मी नाई पाहत. तुमी तो भोंगा पलटवा जी. त्याच्यावर लिवलेलं नाव हवालदाराकडेच हाय."