निघा म्हणायचं कुणी?

(स्वयंपाकघर. पडद्यापलीकडे, बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले आहेत.)

आई : हळू बोला हो! मध्ये पडदा आहे, भिंत नाही.

बाबा : हळूच बोलतोय. परत चहा टाक, एवढंच म्हटलं.

आई : परत? सकाळपासून किती वेळा टाकला याला गणती नाही. दूध संपलं. जेवणं झाली, फळं झाली, बिस्किटांचा डबा खडखडीत झाला. माणसं उठायचं नाव काढत नाहीत.

बाबा : मग चांगलंच आहे की. सोफा कुणी भरलाय? आत काथ्या, वर फोम, स्प्रिंगा मी स्वतः बांधलेल्या. त्यावर बसलेला माणूस सहजासहजी उठत नाही. गिऱ्हाइकं सांगतात.

आई : तुमच्या सोफ्याचं कौतुक पुरे. इथे लेकीच्या लग्नाचं घोडं अडलंय. सकाळी आले तेव्हा दोघं कशी हसत होती! आता व्याह्यांचा चेहरा बघा, एवढासा झालाय. विहीणबाई सारख्या दाराकडे बघताहेत.

बाबा : आधी त्यांना व्याही-विहीण होऊ दे. आणि दाराकडे का बघताहेत?

आई : ते कळलं असतं तर मी रिकामं पातेलं घेऊन इथे उभी राहिले असते का? आणि तो मुलगा! मिठाची गुळणी धरल्यासारखा बसलाय. एरवी आपल्या लेकीशी फोनवर तास तास बोलतो.

बाबा : त्यांच्यातला रिवाजच आहे तो. सोयरीक ठरायच्या दिवशी मोठ्यांनी बोलायचं, मुलानं गप्प बसायचं. लेकीनं सांगितलं नव्हतं का? मला तर पटला. तुला बघायला आलो तेव्हा मीही गप्प बसायला हवं होतं.

आई : का?

बाबा : तुझे वडील मला हुशार समजले असते.

लेक : आई, माझा फोन दे. लवकर.

आई : तू कशाला उठून आलीस? पाहुण्यांसमोर फोन नको म्हटलं ना?

लेक : अगं, तो मघापासून डोळ्यांनी खुणा करतोय. आधी मला वाटलं, प्रेमानं बघतोय. पण प्रेमानं कुणी इतकं घाबरून बघत नाही. कुठे ठेवलायस?

आई : फ्रिजवर. आणि चेहरा ठीक कर, बाहेर दिसतं सगळं.

लेक : अगं बाई! मेसेजांचा ढीग पडलाय. आणि सगळ्यांत एकच. ‘चपला. चपला द्यायला सांग.’

बाबा : चपला? चोरीला गेल्या की काय?

लेक : थांबा, विचारते... सोफ्याच्या उशीखाली फोन धरून टाइप करतोय बिचारा. हं. आलं... अरे देवा.

आई : मोठ्यानं वाच. म्हणजे, हळू वाच.

लेक : त्यांच्यात पाहुणा आपणहून उठत नाही. यजमानांनी उठवायचं. घरातल्या मोठ्या माणसानं त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवायच्या आणि म्हणायचं, ‘निघा आता, उशीर झाला.’ म्हणजे सोयरीक पसंत.

बाबा : आणि नाही म्हटलं तर?

लेक : तर ते बसून राहतात. वाट बघतात. आणि दिवे लागायच्या वेळेपर्यंत कुणी काही बोललं नाही, तर आपले आपण उठून जातात. म्हणजे सोयरीक मोडली. पुन्हा त्या घरी येत नाहीत.

आई : म्हणजे सकाळपासून ती माणसं... आणि मी दर वेळी त्यांना ‘बसा हो, काय घाई आहे’ म्हणतेय!

लेक : आणि बाबांनी तर त्यांच्या पाठीला उशी लावली.

बाबा : मी आपलं बरं वाटावं म्हणून लावली! त्या गाढवाला हे आधी सांगता येत नव्हतं?

लेक : त्याला वाटलं, सगळ्या जगात असंच असतं. लहानपणापासून तेच बघितलंय त्यानं. तुम्ही तरी मला कधी सांगितलंत, की आपल्यात पाहुण्याला ‘जा’ म्हणत नाहीत? मलाही वाटायचं, कुणीच म्हणत नाही.

आई : उन्हं गेली की हो. ते बघा, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. ऐका, तुम्ही जा. तुम्ही घरातले मोठे.

बाबा : मी? मी चपला उचलू?

लेक : बाबा, त्यांच्यात तो मान आहे.

बाबा : त्यांच्यात असेल. आपल्यात काय म्हणतील? मुलीचा बाप आहे म्हणून याला चपला उचलायला लावल्या. माझा मोठा भाऊ हे ऐकेल तर जन्मभर चघळेल. ‘परक्यांत मुलगी दिलीस ना, आता भोग.’ आत्ताच ऐकू येतंय मला.

आई : भाऊजी काय, पाण्यात साखर घातली तरी खारट म्हणतील. आणि तुम्हाला कसली लाज हो? दिवसभर लोकांच्या बुडाखालचे सोफे उसवता. आत काय काय सापडतं ते घरी येऊन रंगवून सांगता. तेव्हा नाही मान जात?

बाबा : ते काम आहे.

आई : हेही कामच आहे. लेकीचं.

बाबा : ...बरं. काय म्हणायचं?

लेक : ‘निघा आता, उशीर झाला.’ बस. एवढंच. बाकी एक शब्द नको.

बाबा : निघा आता, उशीर झाला. निघा आता... जातो.

आई : बूट त्यांचे आहेत ना ते बघा, शेजाऱ्यांचे नेऊन ठेवाल! ...गेले. तू बघ फटीतून, माझा धीर होत नाही.

लेक : चपला उचलल्या. दोन्ही हातांनी. आई, त्याच्या आईचा चेहरा बघ, कशी खुलली! बाबांनी पायाशी ठेवल्या. बूटही ठेवले. त्याचे बाबा वाकले, पाय घातला... बाबा काहीतरी बोलले. आई, ते परत बसले!

आई : बसले? कशानं?

बाबा : मी आलो.

आई : काय बोललात?

बाबा : माझी चूक नाही. सगळं नीट चाललं होतं. तो माणूस खरोखर बूट घालायला लागला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं...

लेक : काय?

बाबा : ‘अहो, बसा ना. काय घाई आहे?’

आई : कर्म माझं!

बाबा : अगं, सवय आहे ती! पाहुणा बूट घालायला लागला की जीभ आपोआप हलते. आता ते एका पायात बूट घालून बसलेत. आयुष्यभर वेळेवर बस सोडणारा ड्रायव्हर तो, त्याला कळेना सोडायची की थांबवायची.

लेक : त्याचा मेसेज आलाय. ‘आईनं विचारलं, यांना मुलगी द्यायची आहे की नाही?’ आई, आता तूच. तू दवाखान्यात काउंटरवर बसतेस. ‘झालं तुमचं, निघा, पुढचे या.’ दिवसभर हेच म्हणतेस.

आई : ते पेशंट गं. त्यांना घरी जायचंच असतं. घरी आलेल्याला मी आजवर निघा म्हटलेलं नाही. आपण स्वतः उठतानासुद्धा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. माझ्या तोंडून नाही यायचं ते.

लेक : मला रोज सकाळी काय म्हणतेस?

आई : तुला? नीघ गं भवाने, बस चुकेल.

लेक : आणि बाबांना?

आई : यांना तर ढकलावं लागतं. गिऱ्हाईक दुकानाबाहेर उभं आणि हे पेपर वाचत.

लेक : आणि शेजारच्या काकूंना?

आई : त्यांना कसं म्हणेन? त्या परक्या... 

लेक : तेच लिहिलंय त्यानं. परक्याला जा म्हणत नाहीत. आपल्या माणसालाच म्हणतात.

आई : हे पातेलं धर जरा.

बाबा : अगं, जा, बोल त्यांच्याशी. बाहेर अंधारतंय.

आई : मला एक कळलंय. माझी जीभ रिवाजानं नाही अडत. मी निघा म्हटलं की ही गेली. मी त्या चपला दिल्या, म्हणजे हिच्याच दिल्या. तुम्हाला काय, तुम्ही उशा लावा.

लेक : आई, मग नको म्हणूस. खरंच. मी सांगते त्याला.

आई : गप्प बस. काय सांगतेस त्याला? इतकं चांगलं माणूस शोधलंस आणि वर शहाणपणा शिकवतेस. सरक, पदर अडकला माझा.

लेक : गेली. बाबा, हा पडदा इकडे ओढा, मला दिसत नाही.

आई : विहीणबाई, व्याही, काय हे! एका पायात बूट, एक पाय मोकळा, असं बसतात का? उठा बघू. व्याही, तो दुसरा बूट घाला. उशीर झाला, निघा आता. किती वेळ बसायचं माणसानं! घर आहे की नाही? बाहेर गार वारा सुटलाय, डोक्याला रुमाल बांधा. रस्ता ओलांडताना बघून ओलांडा. आणि पोचल्यावर फोन करा, विसराल तर बघा. ...अहो, रडता काय? मी काही जास्त बोलले का? काय रे, आता तरी बोल की! ...अगं बाई, अहो, सोडा, माझ्या पाया नका पडू, तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात...

लेक : बाबा, तुम्ही रडताय.

बाबा : रडतोय. मग काय करू? एकुलती एक लेक आहेस. आनंद झाला, म्हणून रडतोय. आणि थोडं वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम होतं, त्याला माझा इलाज नाही.

लेक : चला गॅलरीत. जिना उतरताहेत ते.

आई : सरका, मला कठड्याशी येऊ द्या. ते बघा, खाली पोचले. अच्छा! सावकाश जा! ...काय गोड बाई आहे हो. जिन्यात मला म्हणाली, तुमच्या लेकीला मी रोज घरातून हाकलेन.

बाबा : हे काय, निघाले तर निघत का नाहीत? रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात हलवताहेत.

आई : आपण हलवतोय म्हणून हलवत असतील. थोडा वेळ हलवतील आणि वळतील.

लेक : थांबा, विचारते त्याला. ...आई, हसू नकोस हं.

आई : आता काय?

लेक : त्यांच्यात घरच्यांनी दार लावल्याशिवाय पाठ फिरवायची नसते.

बाबा : आणि आपल्यात पाहुणे दिसेनासे झाल्याशिवाय आत जायचं नसतं. झालं! म्हणजे ना ते हलणार, ना आपण.

लेक : मी सांगते ना त्याला, दोन मिनिटांचं काम. तुम्ही आत जा, नाहीतर त्यांना वळायला सांगते.

आई : नको. तो फोन ठेव खाली. काही सांगू नकोस.

बाबा : अगं, सगळा रस्ता बघतोय. रिक्षावाला थांबून बघतोय.

आई : बघू दे. आल्यागेल्यानं मला विचारलं, परक्यांत लेक देतेस, तुझा धीर कसा होतो? आता म्हणावं, ये आणि बघ.

बाबा : माझा हात दुखायला लागला.

आई : मग दुसरा हलवा.