भर रस्त्यातलं लेथ

आईशप्पथ, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तेव्हा सिडकोत चहा पीत होतो, पण मला लांबचं छान दिसतं.

आमचे मेहुणे सुधाकरराव, यांचं अंबडला वर्कशॉप. संध्याकाळच्या आत लोखंड कातायचं लेथ मशीन समोरच्या नव्या गाळ्यात हलवायचं होतं, कारण गिऱ्हाईक शाफ्टसाठी डोक्यावर बसलेलं. मी म्हटलं, क्रेन बोलवा. तर म्हणे, "रस्ता ओलांडायला क्रेन? पॅलेट ट्रक घेतो, ती हाताने ओढायची लोखंडी गाडी."

ती घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "शेठ, जमीन कशी आहे? याची चाकं बारकी असतात."

"जमीन मी बघतो, तू टन सांग. अडीच टनाचा दे. आणि लालच दे."

इंजिनिअर माणूस! साडी घ्यावी तसा पॅलेट ट्रक घेतला.

दांडा हापसल्यावर लेथ उचललं गेलं, दिमाखात गाळ्याबाहेर आलं आणि रस्त्याच्या मधोमध पहिल्याच खड्ड्यात बसलं. रिक्षावाला ओरडला, "काका, हा चौक कधी झाला?"

"अडीच टन उचलतो हा!" सुधाकरराव गरजले.

"उचलतो हो, पण चालतो का?"

तेवढ्यात गिऱ्हाईक हजर. सुधाकररावांनी तिथंच वायर ओढली, लेथ चालू केलं आणि भर रस्त्यात शाफ्ट कातून दिला.

बरं, ही शेवटची भर माझी. गिऱ्हाईक शिव्या देत दुसरीकडे गेलं आणि लेथ न्यायला क्रेनच आली. अहो, तिथं गाळ्यात धड वीज टिकत नाही, रस्त्यात कुठून येणार?