धाकू गुरवाचा अंगठा

मंडळी, मला एक सांगा. भाविक माणसाची श्रद्धा जाते कशानं? दुःखानं — असंच ना? पुढं बसलेल्या काकूंनी मान हलवलीसुद्धा! थांबा काकू, आधी ऐका.

तळकोकणात एका गावी धाकू गुरव देवाची पूजा करायचा. कुणाचं काही अडलं की तो कौल लावी. म्हणजे काय? मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली की देवाचा होकार. डावी पडली की नकार!

धाकू मनाचा मऊ. परगावी गेलेल्या मुलासाठी एखादी म्हातारी विचारी, "झील सुखरूप येतलो मां?" तिच्याकडे बघून धाकू डावी पाकळी अंगठ्यानं जरा घट्ट दाबी. उजवी पडे. म्हातारी हसत घरी! पाप झालं का? अहो, पत्रिकेतले गुण जुळत नसले तर आमचे गुरुजी जुळवतात की! हसू नका, तुमचेही तसेच जुळलेत.

तीस वर्षं अशी गेली. आणि धाकूचीच लेक, कुंदा, आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल, पण जिवाला धोका आहे; संध्याकाळपर्यंत सांगा. धाकू भरदुपारी देवळात धावला. पाकळ्या लावल्या. उजवी पडली! पण त्याला कळलं, अंगठा डावीवरच दाबला गेला होता. पुन्हा लावल्या. अंगठा पुन्हा तिकडेच! मग मुद्दाम हात हलका ठेवला, तर वाटलं, मुद्दाम ठेवणारा तरी कोण? मीच ना?

दारातून बायको भागी म्हणाली, "काय म्हणालो देव?"

"देव खंयचो बोलतलो गे? तीस वर्सां मीच बोलतंय."

भागीनं दारातल्या त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या. मग म्हणाली, "मगे आजपन तुमीच बोला. चला, गाडी उभी आसा."

कुंदा वाचली, मंडळी! गावानं नारळ फोडले. धाकूनं मात्र गाभाऱ्याची किल्ली भावाच्या हाती दिली आणि पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. काकू, आता बोला. लेक हाती लागली आणि श्रद्धा गेली. हे कसं?

मी त्यालाच विचारलं. अंगणात सुंभ वळत बसला होता. म्हणाला, "बुवा, देव नाय असा मी म्हणत नाय. पण त्येका एकदा तरी बोलूक देऊक होया होता."

तुम्ही देवाला काय काय बोलायला लावता, ते तुमचं तुम्ही आठवा. मी माझं सांगतो. कीर्तनात कुठं गळा दाटायचा, हे मला वीस वर्षं पाठ आहे. परवा दाटला, आणि माझ्या लक्षात आलं की मनात काहीच नव्हतं. फार भीती वाटली हो.

म्हणून आज गजर नको. टाळ खाली ठेवा, पेटी मिटा. थोडा वेळ आपण सगळेच गप्प बसू.