चौतिसावा दिवस

(बेळ्ळंदूर. रिंग रोडवरची वाहतूक सुधारण्याचं काम घेतलेल्या कंपनीचं ऑफिस, सकाळी. जवळच शिंपीकाम करणारे विठोजी आणि पुण्याहून आलेला इंजिनिअर अद्वैत.)

विठोजी : म्हणजे माझ्या सकवारबाईचं नाव ह्यात कुठंच नाही?

अद्वैत : काका, रिपोर्टमध्ये नावं नसतात. आकडे असतात.

विठोजी : सरी, बरं. आकड्यात दाखवा.

अद्वैत : हे बघा. गेल्या वर्षी मृत्यू अकरा, या वर्षी शून्य. दुभाजकातल्या वाटा बंद करून जाळी लावली, त्याचा रिझल्ट. ट्रॅफिकचा स्पीडपण वाढला.

विठोजी : शून्य कसं? बसस्टॉपसमोर बायको पडली माझी. चाळीस वर्षं तिथनंच पलीकडं जायची. जाळी जिथं संपते तिथनं गेली, टेम्पोनं उडवलं.

अद्वैत : पादचारी पूल बांधलाय ना.

विठोजी : किलोमीटरभर लांब. तिचे गुडघे गेलेले.

अद्वैत : तो अपघात धरलाय आम्ही, 'गंभीर जखमी'मध्ये. तीस दिवसांच्या आत माणूस गेला तरच अपघाती मृत्यू म्हणून मोजतात. त्या चौतिसाव्या दिवशी गेल्या.

विठोजी : गेली ती त्यानंच की.

अद्वैत : असेल. नियम मी नाही केला, काका.

विठोजी : भांडायला नाही आलो मी. तिथं एक सिग्नल द्या, स्वल्प वेळ, माणसं जाण्यापुरता. सून माझी, भव्या, रोज तिथनंच कामाला जाते. सातवा महिना आहे तिला.

अद्वैत : सिग्नल म्हणजे सगळा ट्रॅफिक थांबवायचा. त्या जागी एक तरी मृत्यू दाखवल्याशिवाय वरचे लोक फाइलच उघडत नाहीत.

विठोजी : एक तरी.

अद्वैत : हो.

विठोजी : अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, अण्णा, आता काही उरलं नाही, मशीन काढू या का. मी नको म्हटलं. हात गरम होता तिचा. लेक यायची होती हुबळीहून, तिला भेटू दे म्हटलं.

अद्वैत : सॉरी, काका.

विठोजी : तेव्हा हो म्हटलं असतं, तर मोजली असती तिला?

अद्वैत : मोजावंच लागलं असतं त्यांना.

विठोजी : आणि सिग्नल?

अद्वैत : आला असता बहुतेक. आता पुढच्या वर्षीचे आकडे येऊ देत, मग बघू.