वरचं दूध

“‘दुधाचा डबा घरात आणायचा नाही. मनापासून पाजलं की दूध येतं,’ असं आईंनी निघताना बजावलंय, ताई.” दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेली बाळंतीण नणंदेला सांगत होती. बाळाचं वजन पुन्हा घटलं होतं.

“मनाचा काय संबंध? आमच्या प्रयोगशाळेत उंदरांमध्ये एक जनुक घातलंय. स्तनग्रंथी वाढवणाऱ्या घटकाचं काम ते अडवतं. त्या उंदरिणी पिल्लांवरून हलत नाहीत गं, पण दूध येतच नाही.”

“मग पिल्लं?”

“त्याच दिवशी दूध असलेल्या दुसऱ्या उंदरिणीकडे देते. आधी त्या दुसरीच्या घरट्यातला भुसा पिल्लांना चोळते, म्हणजे ती त्यांना आपलं म्हणते.”

“आणि जिला दूध नाही, तिला काय म्हणतात?”

“वहीत लिहितो, ग्रंथी वाढली नाही. मायेचा रकानाच नाही.”

“तुमच्या उंदरिणींना सासू नाही ना!” ती हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. “डॉक्टर म्हणतात, आजच वरचं दूध सुरू करा. आईंना कोण सांगणार?”

“मी सांगते.”

ताई उठून दाराशी गेल्या. फोनवर हळूच म्हणाल्या, “आई, बसली आहेस ना?”